नावागणिक सव्वा मूठ

मेहरूण तलावाच्या रस्त्याला, वळणावरच, एक आटाचक्की आहे. पाटीवरची अक्षरं कधीच उडाली, पण जळगाव स्टेशनवरच्या कोणत्याही रिक्षावाल्याला 'लोटन आबाची चक्की' म्हणा, तो बरोबर दारात आणून सोडतो. चव्वेचाळीस वर्षं ती चक्की चालली आहे. त्यातली त्रेचाळीस वर्षं आबांच्या चिमटीवर चालली, असं म्हटलं तरी खोटं नाही.

चिमूट म्हणजे अशी. दळण सुरू झालं की आबा कापडी सोंडेखाली हात धरायचे, चिमूटभर पीठ अंगठा आणि पहिल्या बोटात चोळायचे आणि मान वर न करता निकाल द्यायचे. बारीक, भरड, गहू धुतलेला, न धुतलेला, सगळं. एकदा एका बाईनं नवा गहू आणला, एकाच शेतातला म्हणून. आबांनी चिमूट चोळली आणि म्हणाले, "ताई, यात निम्मा गहू मागच्या सालचा आहे." बाई तशीच दुकानदाराकडे गेली. दुकानदार तावातावानं चक्कीवर भांडायला आला, आबांसमोर अर्धा तास हातवारे केले, आणि जाताना स्वतःच्या घरचं दळण ठेवून गेला.

मागच्या जूनपासून ही चिमूट गेली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात लताबाई गेल्या. लताबाई म्हणजे आबांची बायको. सकाळी अंगणात कपडे वाळत घालताना खाली बसल्या त्या उठल्याच नाहीत. चार दिवस दवाखान्यात होत्या, पाचव्या दिवशी घरी आणल्या त्या पांढऱ्या कापडात. आबा रडले नाहीत. मातीच्या वेळी पाळक प्रार्थना करत होते आणि आबा खड्ड्याच्या कडेची ढेकळं पायानं फोडत उभे होते. लोक म्हणाले, आबा खंबीर आहेत. आबा खंबीर नव्हते. मोटर बंद झाल्यावर पट्टा जसा नुसता लोंबत राहतो, तसे होते. चौथ्या दिवशी त्यांनी चक्की उघडली, पहिलं दळण टाकलं, सोंडेखाली हात धरला, चिमूट चोळली. बोटांना काही लागलंच नाही. बारीक नाही, भरड नाही. थंड नाही, गरम नाही. गल्लीतल्या बायका आठवडाभरानं कुरकुरू लागल्या, "आबा, पोळी फाटते हो." आबा म्हणाले, "फाटत असेल."

चौदा महिने असे गेले.

आता आबा हे ख्रिस्ती माणूस. जन्मानं नव्हे. पारोळ्याच्या पुढे, आत चार किलोमीटरवर त्यांचं गाव. शेतकरी घर. सव्विसाव्या वर्षी दुसऱ्याच्या चक्कीत काम करताना पट्ट्यात हात सापडला आणि मिशनच्या दवाखान्यात पडून राहावं लागलं. तिथं पट्टी बांधायला लताबाई होत्या. हाताबरोबर बाकीचंही बांधलं गेलं, असं आबाच पुढे गमतीनं सांगायचे. पण बाप्तिस्मा त्यांनी लताबाईंसाठी घेतला नाही, हेही तितकंच खरं. तिथल्या म्हाताऱ्या पाळकांशी ते महिनाभर बोलत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "मग मला काय काय करावं लागेल?"

"काही नाही," पाळक म्हणाले. "विश्वास ठेव."

"ते ठेवतो. पण त्याच्यासोबत?"

"त्याच्यासोबत काही नाही."

हे आबांना पटलं नाही. इतकं मोठं काम आणि बदल्यात काही नाही? पाळकांनी विश्वास सांगितला, आबांनी झाडू उचलला. तेव्हापासून मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, रविवारी सगळ्यांच्या आधी आबा. चटया घालायच्या, खिडक्या उघडायच्या, पाण्याचा माठ भरायचा, नाताळाआधी भिंतींना चुना द्यायचा. पंचेचाळीस वर्षांत एक रविवार चुकला नाही. लताबाई म्हणायच्या, "देव तुम्हाला घरात घेऊन बसला आहे आणि तुम्ही अजून त्याच्या दारात झाडताय."

लताबाई गेल्यावरही चटया वेळेवर पडत होत्या. बदलली ती एकच गोष्ट. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असायचं, येशूच्या आठवणीत भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट. लोक एकेक करून वेदीपुढे गुडघे टेकायला निघाले की आबा हळूच उठायचे, बाहेर जायचे आणि व्हरांड्यातल्या चपला नीट लावत बसायचे. जोडीला जोड, टाचेला टाच. दीडशे माणसांच्या चपला. शेवटचं गीत सुरू होईपर्यंत काम पुरायचं. चौदा महिने आबांनी भाकर घेतली नाही आणि कोणी काही बोललं नाही, कारण बाहेर पडताना प्रत्येकाला आपली चप्पल चटकन सापडत होती.

बोलली ती डिंपल. आबांची नात, अकरावीत शिकणारी, जिभेला हाड नसलेली. नुकतंच बिशपसाहेबांनी तिचं दृढीकरण केलं होतं. म्हणजे येत्या पहिल्या रविवारी तिनं आयुष्यात पहिल्यांदा प्रभुभोजन घ्यायचं होतं.

"आबा, रविवारी मी तुमच्या शेजारी गुडघे टेकणार."

"तुझ्या बापाच्या शेजारी टेक."

"पप्पांच्या शेजारी मम्मी असते. माझ्या शेजारी आजी असणार होती. ती नाही, म्हणून तुम्ही."

"मला चपला असतात."

"चपलांना पाय आहेत का पळून जायला? तुम्ही आलात तर मी घेईन. नाही आलात तर मीही बसून राहीन. मग सगळे विचारतील, डिंपल का बसली? मी सांगेन, आबांना चपला आवडतात."

"थोबाड बघ किती चालतं," आबा म्हणाले. पण त्या रात्रीच्या जेवणात त्यांनी भाजीत मीठ नाही हे सांगितलं नाही, कारण त्यांना ते कळलंच नव्हतं. डिंपलनंच सांगितलं.

आबांची अडचण साधी होती आणि ती त्यांनी कोणाला सांगितली नव्हती. विश्वासानं माणूस नीतिमान ठरतो, असं ते चाळीस वर्षं ऐकत आले होते. ठीक. पण विश्वास म्हणजे आत काहीतरी असणार ना? पूर्वी ते असायचं. गीत म्हणताना छातीत भरून यायचं, प्रार्थनेत डोळ्यांच्या कडा ओल्या व्हायच्या. आता आत हात घातला तर बोटांना काही लागत नव्हतं. मग ज्याच्या आत काही नाही त्यानं भाकर घेणं म्हणजे चोरीच. आबांनी आयुष्यात कोणाच्या दळणातलं ओंजळभर पीठ मागे ठेवलं नव्हतं. देवाच्या घरात कसं ठेवणार?

बुधवारी पाळक स्वतः डबा घेऊन दळायला आले. योगेंद्र गावित, नवापूरकडचे, वय बत्तीस. आबांनी दळण लावलं. चक्कीच्या आवाजात कोणाला ऐकू जात नाही, तेव्हा माणूस मोकळं बोलतो.

"साहेब, एक विचारू? विश्वासानं नीतिमान ठरतो म्हणता. ज्याच्याजवळ विश्वासच शिल्लक नाही त्याचं काय?"

"कोणाजवळ नाही?"

"आहे एक जण."

पाळकांनी ओळखलं, पण न ओळखल्यासारखं केलं. "कशावरून नाही म्हणतो तो?"

"त्याला काही वाटत नाही. रडू येत नाही, हसू येत नाही. प्रार्थनेला बसला तर समोरच्या भिंतीचा चुना कुठे उडाला आहे तेवढं दिसतं."

"आबा, अब्राहामाचं बघा. म्हातारा माणूस, पोटी लेकरू नाही. देवानं म्हटलं, आकाशातले तारे मोजता येतात का बघ, तेवढी तुझी संतती होईल. त्यानं काय केलं? काही केलं नाही. खरं मानलं. आणि देवानं तेवढ्यावर त्याला नीतिमान गणलं. तो तसा होता म्हणून नाही. गणलं म्हणून ठरला."

आबांनी सोंडेखाली हात धरला, सवयीनं. "म्हणजे पीठ भरड असताना बारीक म्हणायचं?"

"तसं नाही..."

"साहेब, आमच्या धंद्यात याला लबाडी म्हणतात. देवानं केली म्हणून ती काही वेगळी होते का?"

पाळक हसले. मग हसायचे थांबले. बाहीवरचं पीठ झटकत म्हणाले, "आबा, तीन वर्षं शिकलो, पण हे कोणी विचारलं नव्हतं. मला आत्ता उत्तर देता येत नाही."

"बरं झालं," आबा म्हणाले. "दिलं असतं तर मला वाटलं असतं, तुम्ही घाईत आहात."

त्याच आठवड्यात कानबाई होती. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघरी कानबाई देवी बसते, आणि तिच्या आधी रोटांचे गहू निघतात. घरातल्या पुरुषांची नावं एकेक करून घ्यायची आणि नावागणिक सव्वा मूठ गहू बाजूला काढायचे. ते वेगळे दळायचे. त्या पिठाचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, भावबंदांनीच खाऊन संपवायचे, बाहेरच्याला कणही द्यायचा नाही. त्या आठवड्यात मेहरूणच्या बायका आबांना आधी सांगून ठेवत, चक्की धुऊन ठेवा. आबा दगड उघडून कुंच्यानं कोपरान्‌कोपरा साफ करत. कोणी नवी सून विचारायची, "आबा, तुम्ही ख्रिस्ती ना? तुम्हाला हे चालतं?" आबा म्हणायचे, "मला काय विचारते, गव्हाला विचार."

आणि दर वर्षी, कानबाईच्या आदल्या शनिवारी, आबा गावाला जायचे. कारण गावातल्या चक्कीच्या दगडांना टाकी लावणारा दुसरा माणूस उरला नव्हता. दगड गुळगुळीत झाले की छिन्नीनं त्यांना पुन्हा खरबरीत करावं लागतं, त्याला टाकी लावणं म्हणतात. आबा सकाळी दगड टाकून द्यायचे, दुपारी घरचे गहू दळले जायचे. आपण घरचा रोट खात नाही, देवघरापुढे बसत नाही, पण टाकी लावतो. म्हणून घरात अजून आपली मूठ निघते, असा आबांचा हिशेब होता. हिशेब पक्का होता, कारण तो चार वर्षांच्या वयापासूनचा होता.

या वर्षी गावच्या चक्कीवाल्यानं नवं मशीन बसवलं. त्याला दगडच नाहीत. टाकी लागत नाही. हे पुतण्या लीलाधरनं फोनवर सांगितलं आणि वर म्हणाला, "काका, तरी या तुम्ही." आबा निघाले. टाकीची पिशवी घरीच राहिली. त्यांनी मनाशी ठरवलं होतं की या वर्षी वहिनीला सांगून टाकायचं, माझी मूठ काढू नका. एक गोष्ट तरी सरळ होऊन जाईल. तिकडची भाकर बंद, इकडची मूठ बंद.

धुळ्याच्या गाडीत खिडकीजवळ जागा मिळाली. एरंडोल गेलं, पारोळा आलं. दोन्ही बाजूंना कपाशी गुडघ्याएवढी झाली होती. चांगली होती की वाईट, आबांनी पाहिलं नाही.

आता या घरात आबा आले कसे, ती गोष्ट. आबांच्या आईची आधीची दोन मुलं पाळण्यातच गेली. तिसरा झाला तेव्हा सुईणीनं त्याला उकिरड्यावर नेऊन लोळवला, म्हणजे नजर लावणाऱ्याला वाटावं, टाकून दिलेलंच आहे. म्हणून लोटन. लोटन जगला, पण त्याचा बाप तीन वर्षांत गेला. मग आईनं जीवराम नावाच्या बिजवराशी पाट लावला आणि लोटन तिच्या बोटाला धरून या गावात आला. वय चार. जीवरामला सगळे नाना म्हणत. नानांना पहिल्या बायकोचा एक मुलगा होता, नवल. त्याचं लग्न त्याच वर्षी वैशाखात झालं होतं. त्याची बायको ताईबाई, तेव्हा अकरा वर्षांची.

ती ताईबाई आता ऐंशीला टेकली होती. दात दोन उरले होते आणि ते दोन्ही कामाला यायचे. नवल जाऊन बारा वर्षं झाली. आता मुठी काढायचं काम तिच्या मुलाकडे, लीलाधरकडे होतं. तो आंघोळ करून पाटावर बसला होता, पुढे धुतलेल्या गव्हाचं घमेलं, बाजूला कोरं कापड. ताईबाई भिंतीला टेकून नावं सांगत होती. आबा नेहमीप्रमाणे उंबऱ्याबाहेर, ओट्यावर बसले. तिथं त्यांना कोणी बसवलं नव्हतं. त्यांनीच ती जागा ठरवली होती.

"उना का रे लोटन? च्या लेशी ना?"

"ल्हेसू मंग."

"लीलाधर," ताईबाईनं सांगितलं. सव्वा मूठ कापडावर पडली. मग लीलाधरच्या मुलांची नावं. मग सुरतेला कापडाच्या कारखान्यात असलेला चुलत पुतण्या. मग ती म्हणाली, "प्रेमराज."

प्रेमराज हा ताईबाईच्या चुलत दिराचा मुलगा. दारू पिऊन भांडण केलं आणि घर सोडून गेला, त्याला नऊ वर्षं झाली. कुठं आहे, आहे की नाही, कोणाला ठाऊक नाही. त्याची सव्वा मूठ निघाली.

"लोटन."

लीलाधरचा हात घमेल्यात गेला आणि आबा ओट्यावरून बोलले, "वहिनी, औंदा मनी मूठ नको काढू."

लीलाधरचा हात गव्हात तसाच राहिला.

"का रे?" ताईबाई म्हणाली. "तिकडना देव रागावना का?"

"नही वं. देव काही बोलस नही. मालेच काही वाटस नही." आबांनी कपाळ पुसलं. घाम आला होता की नाही, कोण जाणे. "चक्कीले आते टाकी लागस नही. रोट मी खास नही. मंग कसाले मनी मूठ?"

"टाकीना आनि मूठना काय संबंध?"

मग आबांनी संबंध सांगितला. आयुष्यात पहिल्यांदाच सांगितला. आपण नानांच्या रक्ताचे नाही, हे त्यांना कळत होतं तेव्हापासून ठाऊक होतं. पण या घरात आलेल्या पहिल्या श्रावणात त्यांनी दिवसभर उन्हात बसून रोटांचे गहू निवडले होते. सुपातले खडे, तण, तुटके दाणे. बोटं सोलली होती. संध्याकाळी नानांनी पाहिलं, पोरगं कामाचं आहे, आणि त्याच्या नावानं मूठ काढली. हे आबांना लख्ख आठवत होतं. सूप आठवत होतं, सुपाची तुटकी कडा आठवत होती. काम केलं, म्हणून घरात गणलं गेलं. चुना, चटया, चपला, टाकी, सगळं त्या सुपातूनच निघालं होतं.

 ताईबाई हसायला लागली. हसता हसता ठसका लागला, लीलाधरनं पाणी दिलं.

"कोनी सांगं तुले हे?"

"माले याद शे."

"काय याद शे, कपाळ! गहू तू दुसरा साले निवडात. पहिला साले तू तापमा पडेल व्हता. मना मांडीवर डोकं ठेईसन झोपेल व्हता."



ताईबाईनं मग सगळं सांगितलं, हातवारे करून, जणू कालचं असावं. तीही त्या वर्षी घरात नवीन. सासूनं तिच्या मांडीवर हे तापलेलं पोर टाकलं आणि म्हणाली, हलू नको. सगळे भावबंद जमले होते. नाना पाटावर. नावं चालली होती. नवलचं झालं, आणि नाना म्हणाले, "लोटन." तेव्हा चुलत आजा, भटू बाबा, काठी आपटून उठला. हे पोर आपल्या रक्ताचं नाही, याचा बाप दुसरा, याची मूठ कशी निघेल? याची मूठ रोटात पडली तर बठ्ठा रोट बाटेल. दोघं-तिघं त्याच्या बाजूनं बोलले.

"मंग?" लीलाधरनं विचारलं. त्यालाही हे ठाऊक नव्हतं.

"मंग काय! नानानी वर देखं बी नही. म्हने, मी नाव लिधं ना, मंग मना. आनि मूठ भरी. नानाना हात केवढा! तुना सारखा हात नही." हे लीलाधरला. "एवढी मोठी मूठ. आनि वर पाव."

"आनि मी?" आबांनी विचारलं.

"तू काय? तू घोरी राहिंता. लाळ गळी राहिंती मना लुगडावर. नवं लुगडं व्हतं, लगिननं."

अंगणात कोंबडी कुठेतरी ओरडली. आबा ओट्याच्या फरशीकडे बघत बसले. सुपाची तुटकी कडा अजून दिसत होती, पण ती दुसऱ्या वर्षाची होती. पहिल्या वर्षी काहीच नव्हतं. ताप आणि झोप.

"वहिनी, मी ख्रिस्ती व्हयनू तव्हय?"

"तव्हय बी भावबंद उनात सांगाले, आते बंद करा त्यानी मूठ. नाना म्हनेत, त्यानी मागेल नव्हती, मंग त्यानी सोडी कशी?" ताईबाईनं पदरानं तोंड पुसलं. "मूठ तुनी नही शे, लोटन. मूठ नानानी शे. नाव फक्त तुनं."

लीलाधरचा हात अजून घमेल्यात होता. "काका, मना हात अवघडना. काढू का नको?"

आबांनी तोंड उघडलं, पण त्याआधी ताईबाईच म्हणाली, "काढ. त्याले काय इचारस? त्या टाइमले बी कोनी इचारेल नव्हतं."

सव्वा मूठ गहू कापडावर पडले. आवाज फार झाला नाही.

आबांनी रोट कधी खाल्ला नव्हता आणि आताही खाणार नव्हते. कानबाई त्यांची राहिली नव्हती, त्याला पंचेचाळीस वर्षं झाली होती, आणि ताईबाईलाही ते ठाऊक होतं. पण नानांचा हात त्यांना ठाऊक होता. त्या हातानं पुढे त्यांना शाळेत घातलं, तापात डोक्यावर घड्या ठेवल्या, चक्कीच्या कामाला धाडताना एसटीत बसवून दिलं. नाना त्या दिवशी भटू बाबासमोर खोटं बोलले नव्हते. पोर माझं, असं ते म्हणाले आणि मग मरेपर्यंत ते खरं करत राहिले.

परतीच्या गाडीत आबांना तेवढंच सुचलं. पाळकांना आपण पिठाचं विचारलं, तिथंच चुकलं. भरड पिठाला बारीक म्हणणं ही लबाडी आहे. पण दुसऱ्याच्या पोराला आपलं म्हणणं ही लबाडी नाही, म्हणणाऱ्याला ते निभवायचं असेल तर. आबांनी ते दोनदा मनात फिरवून पाहिलं. आबांना तिथं रडू आलं, असं सांगितलं तर गोष्ट गोड होईल, पण तसं काही झालं नाही. एरंडोलला गाडीत भजीवाला चढला. त्यांनी घेतली नाहीत. बाकी आत होतं तसंच होतं.

रविवारी आबा सातला मंडळीत पोचले. चटया घातल्या, खिडक्या उघडल्या, माठ भरला. नऊला लोक आले. डिंपल पांढरा ड्रेस घालून, डोक्यावर आजीची ओढणी घेऊन शेवटच्या रांगेत बसली. पुढे आईबापांजवळ गेली नाही. आबांकडे तिनं बघितलंही नाही.

उपदेशात काय झालं ते आबांना सांगता आलं नसतं. मग पाळकांनी भाकर मोडली. ती भाकर म्हणजे घरात केलेल्या पातळ पोळ्या असायच्या. आधी लताबाई करायच्या, आता डिंपलची आई. पीठ आबांच्याच चक्कीचं. लोक रांगेनं उठू लागले.

आबाही उठले आणि पायांना जी वाट ठाऊक होती त्या वाटेनं व्हरांड्यात गेले. खाली बसले. एक निळी स्लीपर उचलली, तिची जोडी शोधली, टाचेला टाच लावली. दुसरा जोड एका लहान पोराचा सँडल होता, एक उलटा पडलेला. तो सुलटा केला. मग त्यांनी आत बघितलं. शेवटच्या रांगेत डिंपल एकटी बसली होती. पुढच्या रांगा मोकळ्या होत होत्या, बायका परत येऊन बसत होत्या, आणि ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत तशीच बसली होती. म्हणजे पोरगी खरंच बसून राहणार होती.

आबांनी आपल्या आत हात घालून पाहिला. शेवटचं म्हणून पाहिला. काही लागलं नाही.

ते उठले. हातात तिसरी चप्पल होती, ती होती तिथं टाकली. आत गेले, डिंपलच्या रांगेशी थांबले.

"चल."

"खरंच?"

"चल लवकर, माझे गुडघे दुखतात. शेवटी टेकलं तर उठवायला कोणी राहत नाही."

वेदीपुढे दोघं शेजारी टेकले. पाळक आले. त्यांनी आबांना पाहिलं. दर वेळी सगळ्यांना म्हणायचं ते ठरलेलं वाक्य त्यांच्या तोंडून निघालं नाही.

"लोटन आबा," ते म्हणाले, "तुमच्यासाठी."

तळहातावर तुकडा पडला. आबांचा अंगठा आणि पहिलं बोट आपोआप त्यावर गेलं आणि चोळू लागलं. बारीक नाही, भरड नाही. काहीच नाही. आबांनी तुकडा तोंडात टाकला. तो टाळूला चिकटला, मग गिळला गेला. प्याला आला. घेतला. डिंपलनं डोळे मिटले होते. आबांनी मिटले नाहीत. समोरच्या भिंतीचा चुना, खिडकीच्या खाली, हातभर उडाला होता.

उठायला डिंपलनं हात दिला.

बाहेर आल्यावर व्हरांड्यात ही गर्दी. दीडशे माणसं आपापल्या चपला शोधत होती, कोणाची एक सापडली होती, कोणाची दुसऱ्यानं घातली होती. मंडळीच्या खजिनदारबाई एका पायावर उभ्या राहून म्हणाल्या, "आबा, आज हे काय झालं हो?"

"आज राहून गेलं," आबा म्हणाले.

डिंपल पायरीवर बसून वाट बघत होती. आबा तिच्याजवळ आले.

"कसं वाटलं आबा?"

"काही नाही वाटलं."

डिंपलचा चेहरा उतरला. "थोडंसंही नाही?"

"नाही."

"मग घेतलंत कसं?"

 व्हरांड्याच्या ढिगात त्यांची स्वतःची एक चप्पल दिसत होती, दुसरी दिसत नव्हती.

"पहिल्या वेळीही नव्हतं वाटलं," ते म्हणाले. "मी झोपेल व्हतो."

"कुठल्या पहिल्या वेळी?"

"सांगतो घरी. आधी माझी डावी चप्पल शोध."